ही ती नव्हे

जी बाई कधी जन्मालाच आली नाही, तिचे चित्र चुकू शकते काय?

हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. तो माझ्यावर येऊन आदळला, आणि तोही वयाच्या पंच्याहत्तरीत. माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. जिग, फिक्श्चर, प्रेसच्या डाय यांची रेखाटने करणे हा माझा धंदा. त्या धंद्यात चूक म्हणजे काय हे कळायला तत्त्वज्ञान लागत नसे. रेषा चुकली की नग बसत नाही, नग बसला नाही की टूल रूममधला फिटर कागद घेऊन वर येतो आणि चारचौघांत विचारतो, "साहेब, हे कुठं बसवू?" खऱ्याखोट्यातले अंतर तिथे मायक्रोमीटरने मोजता येई. निवृत्तीनंतर मी माणसांची चित्रे काढू लागलो. बागेत फिरायला येणारे म्हातारे, चिंचवडच्या घाटावर पवनेकडे पाहत बसणाऱ्या बाया, शेजारची पोरे. तिथेही ताळा पाहण्याची सोय होती. चित्र हातात, माणूस समोर.

माझ्या नातीने ज्या बाईचे चित्र काढायला सांगितले, तिला समोर बसवण्याची सोय नव्हती.

नात आकुर्डीला इंजिनिअरिंग शिकते. दर शनिवारी संध्याकाळी तिचे चौघे मित्रमैत्रिणी आमच्या निगडी प्राधिकरणातल्या घरी जमतात आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात आणि 'मी दार ढकलते', 'मी झाडावर चढतो' असे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात. जमले की फसले ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रथम छापला, आणि पुढे त्याच्यासारखे अनेक निघाले. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती अशा सहा गुणांचे आकडे असतात, आणि कोपऱ्यात चित्रासाठी चौकट.

हा खेळ मला परका वाटला नाही. सोंग घेणे आपल्याकडे नवे नाही. भारुडात घेतात, दशावतारात घेतात. फरक इतकाच, की आपला सोंगाड्या तोंडाला रंग फासून, कमरेला काहीबाही गुंडाळून उभा राहतो. ही मुले जीन्समध्ये, हातात चहाचा कप घेऊन सोंग घेतात. रंग, मुखवटा, पोशाख, सगळ्यांचे काम त्या कोपऱ्यातल्या चित्राला एकट्याने करावे लागते. म्हणून ते चित्र त्यांना इतके महत्त्वाचे.

नातीचे पात्र म्हणजे नदीवर नाव चालवणारी एक चाळिशीची बाई. रंगाने काळी, अंगाने रुंद. जन्मभर एका बाजूचे वल्हे मारल्याने एक खांदा उतरलेला. कधीतरी नाक मोडले, ते वाकडेच सांधले. पुरात तिची नाव आणि गाव दोन्ही गेली आणि तिने तलवार घेतली. नातीने तिला नावही दिले आहे, पण ते इथे सांगायची मला परवानगी नाही.

मी चार दिवस खपून चित्र काढले. वल्हे उत्तम जमले. लाकडाच्या शिरासुद्धा दिसत होत्या. शनिवारी मुलांनी ते पाहिले आणि 'भारी!' म्हणून ओरडली. नात मात्र बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, चित्र मस्त आहे. पण ही ती नाही."

मला राग आला, हे कबूल करतो. 'ती' म्हणजे कोण? ती कुठे आहे? जिला कोणी पाहिले नाही तिच्याशी माझे चित्र ताडून पाहणारी तू कोण? हे मी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या खेळाची पुस्तके मागून घेतली. इतर चित्रकारांनी काय दिवे लावले आहेत ते बघावे, एवढाच हेतू.

बघता बघता मला बरे वाटू लागले, कारण चुका काढणे सोपे होते. बायकांच्या चिलखतांचेच घ्या. जुन्या चित्रांत पुरुष गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडात, आणि शेजारची बाई त्याच युद्धाला निघालेली असून पोट उघडे, मांड्या उघड्या. काही ठिकाणी छातीचा पत्रा दोन घुमटांसारखा ठोकलेला. मी जन्मभर पत्र्याला आकार देणाऱ्या डाय रेखाटल्या आहेत. वार निसटून बाहेर जावा म्हणून पत्र्याला बाक देतात. दोन घुमटांच्या मधली खाच तलवारीचे टोक बाहेर टाकत नाही, उलट वाट दाखवत बरोबर छातीच्या मधल्या हाडावर नेते. प्रेस शॉपमध्ये यंत्राला गार्ड बसवतात तो बोटे जिथे सापडू शकतात तिथे. दिसायला बरा दिसेल तिथे नव्हे. हे चिलखत ज्याने काढले त्याने ते अंगावर घालणारीचा विचार केला नाही, पाहणाऱ्याचा केला. नियमांची तऱ्हाही फारशी वेगळी नव्हती. १९७८च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या बळाच्या आकड्याला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती. १९८५ साली तर सहा गुणांच्या जोडीला 'देखणेपणा' हा सातवा गुण आकड्यात बसवण्याचा प्रयोग झाला. १९८९च्या नव्या आवृत्तीतून या दोन्ही गोष्टी गेल्या. देखणेपणाचा आकडा! आपल्याकडे ते काम पत्रिकेबरोबर पाठवलेला फोटो करीत असे. पण त्या गोष्टीकडे मी नंतर येतो.

पुढे राक्षस सापडला. १९७७ साली निघालेल्या त्या खेळाच्या प्राणिकोशात 'राक्षस' हा शब्द जसाच्या तसा घेतला आहे आणि डेव्हिड ट्रॅम्पिअर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले आहे. वाघाचे डोके, अंगात साहेबी घरगुती कोट, तोंडाशी चिलीम. मी मोठ्याने हसलो. नातीला म्हणालो, "राक्षस असा नसतो." ती म्हणाली, "मग कसा असतो?"

कसा असतो? मी राक्षस पाहिला तो कुठे? अमर चित्र कथेत. ही माला १९६७ साली निघाली आणि मी ती वाचली ती माझ्या मुलांना वाचून दाखवताना. तिथला राक्षस काळा, केसाळ, बाहेर आलेल्या सुळ्यांचा. देव बहुधा गोरे किंवा निळे. पण कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासूर काळ्या वेषात येतो तेव्हा पोरे भितातही आणि हसतातही; त्याच्यावर लोकांचा लोभ असतो. मग वाल्मीकी उघडला. सुंदरकांडात सीतेभोवती पहारा करणाऱ्या राक्षसींचे वर्णन आहे. कोणी डुकराच्या तोंडाची, कोणी हरणाच्या, कोणी म्हशीच्या, आणि चक्क वाघाच्याही तोंडाची! त्याच लंकेत हनुमंताला सुरूप राक्षसही दिसतात. शिवाय ती जात कामरूपी, हवे ते रूप घेणारी. ट्रॅम्पिअरने वाल्मीकी वाचला असेल असे मला वाटत नाही. खेळातल्या राक्षसाची लक्षणे, म्हणजे विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन येणे आणि धनुष्यासारख्या यंत्रातून सोडलेल्या मंतरलेल्या बाणाने मरणे, १९७४च्या एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतल्या राक्षसाशी तंतोतंत जुळतात. पण अज्ञानाने काढलेले चित्र वाल्मीकीला धरून निघाले, आणि मी परंपरेचा म्हणवणारा, माझाच राक्षस एका छापील मालेतून आलेला निघाला.

म्हणजे वाघाच्या तोंडात चूक नाही. चूक चित्राखालच्या मजकुरात होती. प्रत्येक राक्षस जातीनेच दुष्ट, असे त्या कोशात गृहीत धरले होते. वाघाचे तोंड मी चालवून घेईन, साहेबी कोटही चालवून घेईन. पण बिभीषणाला जागाच नसेल तर तो राक्षस आमचा नव्हे. (खेळाच्या मालकांना हे उशिरा उमगले. संपूर्ण जमातीच्या जमाती दुष्ट ठरवण्याची रीत आपण बदलत आहोत, असे त्यांनी २०२० साली जाहीर केले.) इथे माझ्या मूळ प्रश्नाला पहिल्यांदा थोडी वाट फुटली. काल्पनिक माणसाचे चित्र त्याच्या शरीराशी ताडून पाहता येत नाही, कारण शरीर नाही. पण त्याच्या वागण्याशी, त्याला वागायला असलेल्या मोकळीकेशी ते ताडून पाहता येते. चित्र पाहिल्यावर ते पात्र काय काय करू शकेल असे वाटते? जे चित्र त्यातल्या काही वाटा आधीच बुजवून टाकते, ते चुकलेले असते.

आणि छापलेले चित्र वाटा फार लवकर बुजवते. लोणावळ्याच्या लोकलने मळवलीवरून जाताना मला हे नेहमी आठवते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे या मळवलीला हलला आणि मग फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर गेल्या. मी त्या चित्रांचा वैरी नाही. आमच्याही देवघरात होती. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरातही ती गेली, हे त्या छापखान्याचे मोठेच पुण्य. पण माझ्या आईला सरस्वती डोळे मिटून आठव म्हटले असते तर तिला रविवर्म्याचीच आठवली असती, यात शंका नाही. उलट आमच्या चिंचवडचे मोरया गोसावी ज्याच्या दर्शनाला मोरगावी जात, तो मयूरेश्वर शेंदराच्या आवरणाखाली. त्याचे अवयव भक्ताने आपल्या मनाने भरून घ्यायचे. शेंदूर रविवर्म्याहून श्रेष्ठ, असला वाद मला घालायचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा संगणकावरचा खेळ काढला. त्यातली डोंबारखेळ करणारी मुलगी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन महाबलासुरावर चालून जाते. ती पडद्यावर बहुतेक वेळ लांबून, चिमुकली दिसते. तिचे नाक कसे आहे हे माझ्या लक्षातही राहिलेले नाही, पण तिची भिंतीवरून धावण्याची लकब राहिली. रविवर्म्याच्या मार्गाला जाऊनही शेंदराचे काम करता येते, असे मला त्यावरून वाटले.

एवढे शहाणपण गोळा करून मी माझे चित्र पुन्हा टेबलावर ठेवले. नावाडीण. आणि मला दिसले की मी तिचे नाक सरळ काढले होते.

ठरवून नव्हे. नातीने सांगितलेले माझ्याच हस्ताक्षरात शेजारच्या कागदावर होते: काळी, रुंद, खांदा उतरलेला, नाक वाकडे. माझ्या हाताने खांदे एका पातळीत आणले होते, वय दहा वर्षांनी उतरवले होते आणि नाक सरळ केले होते. पुढच्याच आठवड्यात त्या चौघांतल्या एका मुलाने हेच वर्णन संगणकाला टंकून दिले आणि त्या यंत्राने एका मिनिटात चार चित्रे काढून दिली. चारी बायका पंचविशीच्या, चारी नाके सरळ! मुले यंत्राला हसली. मला हसता आले नाही. यंत्राने लाखो चित्रे पाहून जे उचलले, तेच मी पाऊणशे वर्षे कॅलेंडरे, सिनेमाची पोस्टरे आणि साबणाच्या जाहिराती पाहून उचलले होते. आम्हा दोघांना वर्णन वाचता येत होते. हात मात्र दुसरेच कोणी चालवत होते.

इथपर्यंत आल्यावर निष्कर्ष काढणे सोपे होते: सुंदर करणे वाईट, आहे तसे दाखवणे चांगले. पण त्या टेबलावर आणखी एक मुलगा बसतो. तो बोलताना अडखळतो, आणि दर शनिवारी एका वाक्पटू राजपुत्राचे सोंग घेतो. त्याच्या कागदावरचे चित्र अगदी सिनेमातल्या नायकासारखे आहे. सरळ नाक, भरघोस केस, सगळे. ते खोटे म्हणायची माझी छाती नाही. राजपुत्र होऊन बोलताना तो क्वचितच अडखळतो. दुसरीकडे हल्ली व्रण आणि वाकडी नाकेही शोभेसाठी काढण्याची टूम निघाली आहे. गालावर असा एक वार काढतात की त्याने चेहरा उलट खुलावा. तेव्हा देखणे की कुरूप, हा कसच नव्हे. मग कस कोणता?

तो मला माझ्या बहिणीने दाखवला, आणि तो सांगायचा तर एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे.

१९७४ साली, म्हणजे योगायोगाने तो खेळ निघाला त्याच साली, मी दिवसा ड्रॉइंग ऑफिसात आणि संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत काम करीत असे. काम रिटचिंगचे. निगेटिव्हवर वार्निशाचा हात द्यायचा, ती मागून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवायची, आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हवर शिसे पडले की छापलेल्या फोटोत तिथे उजळ दिसते. माझा हात त्यात चांगला होता. माझी धाकटी बहीण तेव्हा एकवीस वर्षांची होती. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण होते. तिच्या लग्नासाठी फोटो काढला तेव्हा निगेटिव्ह माझ्याच हाती आली, आणि मी दोन संध्याकाळी बसून एकेक वण बुजवला. प्रेमाने बुजवला, हे सांगितले पाहिजे. फोटो पाहून घरात सगळे खूश झाले. तो फोटो गावोगाव गेला, माणसे आली, कांदेपोहे झाले. पाहुणे एकदा फोटोकडे बघायचे, एकदा तिच्याकडे. एका बाईने तर तोंडावर म्हटले, "फोटोत वेगळी दिसते." असे तीनदा झाले. चौथ्या वेळी तिनेच सांगितले की फोटो पाठवायचा नाही. पुढे तिचे लग्न झाले, संसार चांगला झाला, आणि त्या फोटोबद्दल आम्ही दोघे पन्नास वर्षांत एक शब्द बोललो नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला ती आली होती. नातीने तिला नावाडणीची सारी हकिगत सांगितली. ही नात कोणालाही ती सांगते. मग माझे चित्र दाखवले. बहिणीने चष्मा लावला, चित्र जरा लांब धरले, आणि म्हणाली, "नाक मोडलेलं होतं ना हिचं? दादानं बुजवलं असणार. त्याला सवय आहे."

नात हसली, तिला काही ठाऊक नव्हते. मी ओवाळणी टाकली, जेवणे झाली. दुपारी आम्ही दोघेच बाल्कनीत बसलो असताना मी म्हटले, "तो फोटो मी तसा करायला नको होता." ती काही वेळ खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं कुठंय? तू विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, बुजव म्हणून. एकवीस वर्षांच्या पोरीला काय वण हवे असतात होय रे? पण तू विचारलं नाहीस."

मी पन्नास वर्षे वण बुजवल्याची लाज बाळगून होतो. ती चुकीच्या गोष्टीची लाज होती. त्या अडखळणाऱ्या मुलाचे सरळ नाक आणि माझ्या नावाडणीचे सरळ नाक पेन्सिलीला सारखेच, पण एक त्याने मागितले होते आणि दुसरे मी परस्पर दिले होते. जी बाई जन्मालाच आली नाही तिला विचारणार कसे, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण ती शनिवारी रात्री आठ ते अकरा माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलेली असते आणि माझ्या नातीच्या तोंडाने बोलते. विचारायला एवढे पुरे होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लावला. रुंद खांदे काढले, डावा उतरलेला. रंग मनासारखा काळा झाला. हात सराईतपणे नाकाशी आला तेव्हा थांबलो आणि नातीला हाक मारली. विचारले, "नाक कसं मोडलं होतं हिचं? कोणत्या बाजूला वाकडं?"

ती विचारात पडली. "ते अजून ठरलंच नाहीये, आजोबा. तिनं कुणाला सांगितलेलंच नाही." मग म्हणाली, "थांबा ना शनिवारपर्यंत. खेळात कुणी विचारलं तर कळेल."

त्या शनिवारी कोणी विचारले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कागद अजून बोर्डावर टाचलेला आहे. नाक काढायचे राहिले आहे.